तापला की थांबणारा पंखा

मी बाथरूमच्या छतातला एक जुना एक्झॉस्ट फॅन आहे. मित्रांनो, तुम्ही मला नीट पाहिलेले नसेल. बाथरूममध्ये छताकडे बघत कोणी बसत नाही, आणि जो बसतो त्याला घरचे लोक बाहेरून हाका मारत असतात.

माझा जन्म कारखान्यात झाला. त्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही. त्या दिवशी माझ्यासारखेच पुष्कळ जन्मले. माझे खरे आयुष्य दुकानात सुरू झाले. एक आजोबा, आजी आणि त्यांचा मुलगा मला बघायला आले. माझ्या पोटाशी दिव्याची गोल चकती आहे. मुलाला पांढराशुभ्र दिवा हवा होता.

"त्या उजेडात धडधाकट माणूससुद्धा आजारी दिसतं," आजी म्हणाल्या. "पिवळसर घ्या."

आजोबांनी दिव्याकडे पाहिलेही नाही. "मोटर तापली तर?" त्यांनी दुकानदाराला विचारले.

"आपोआप बंद पडतो, काका. आत कट-ऑफ आहे. थंड झाला की परत चालू. तो दुसरा स्वस्त आहे, पण त्यात हे नाही."

"बाबा, आपण पंखा घेतोय, जावई नाही निवडत," मुलगा म्हणाला.

"जावई पेटत नाही," आजोबा म्हणाले, आणि मी त्यांच्या घरी आलो. दिव्याला आणि मला त्यांनी वेगवेगळी बटणे लावून घेतली.

मी मन लावून काम केले. आरशावरची वाफ ओढली, कोपऱ्यात बुरशी धरू दिली नाही. सून पाहुण्यांना मुद्दाम मला दाखवत असे. मग मी जुना झालो. ओले कपडे माझ्याखालच्या दोरीवर वाळू लागले आणि त्यांची तूस, म्हणजे कापडाचे सुटे तंतू, माझ्या जाळीत साठू लागली. कौतुक संपले, उरली ती माझ्या घरघरीबद्दलची बोलणी.

पुढे आजोबा गेले. त्यानंतर आजींची आंघोळ लांबू लागली. त्या आत येत, कडी लावत, मला चालू करत आणि पालथ्या बादलीवर बसून रडत. माझी घरघर एवढी की बाहेर काही ऐकू जात नसे. आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला माझा आवाज हवा होता. मीही जीव तोडून फिरत असे.

"आई, टाकीत थोडं पाणी आमच्यासाठी ठेव हं!" मुलगा बाहेरून ओरडायचा.

एका सकाळी तूस एवढी दाटली की मी तापलो आणि थांबलो. दिवा चालूच होता. आजींच्या लक्षात यायला क्षणभर वेळ लागला. तेवढ्यात त्यांचा हुंदका दारापलीकडे गेला. त्यांनी घाईघाईने नळ सोडला.

दुपारी इलेक्ट्रिशियन आला. "हा कट-ऑफ काढून डायरेक्ट जोडून देतो," तो म्हणाला. "मग दिवसभर चालवा, थांबायचं नाव घेणार नाही."

"तसंच करा," आजी लगेच म्हणाल्या.

मित्रांनो, मी घाबरलो. पोटात तूस, मोटर लालबुंद, थांबायची सोय नाही, आणि खाली कडी लावून बसलेल्या आजी! पण पंख्याला बोलता येत नाही. त्याला फार तर थांबता येते, आणि तेच आता काढून घेणार होते.

"काढायचा नाही," सून म्हणाली.

"अगं, पण तो मध्येच बंद पडतो."

"पडू दे."

"मग मला..." आजी अडखळल्या.

"आई, सकाळी मी दाराबाहेरच होते."

इलेक्ट्रिशियन पिशवीत स्क्रूड्रायव्हर शोधू लागला. तो त्याच्या हातातच होता.

"बाहेर आमच्यात बसून रडा ना," सून हळूच म्हणाली. "नाहीतर मला आत घ्या."

"बादली एकच आहे."

"मी स्टूल आणते."

आजी हसल्या, आणि हसता हसता सगळ्यांसमोर रडल्या. मी बंद होतो. तरी त्यांनी तोंड झाकले नाही.

कट-ऑफ जागेवर राहिला. जाळीतून निघालेल्या तुशीत एक छोटी उशी भरली असती. आता आजी आंघोळीपुरत्याच आत असतात आणि मला दिवसभर भरपूर विश्रांती मिळते.

मित्रांनो, अधूनमधून बटण बंद करून आमची जाळी पुसत जा. आम्ही तापून थांबलो, तर बिघडलो असे समजून कट-ऑफ काढू नका. कशाने तापलो ते बघा. आणि तुमच्या घरी कोणी पंखा फारच वेळ चालू ठेवत असेल, तर विजेच्या बिलाचे नंतर बघू. आधी दार वाजवा आणि विचारा, "मी आत येऊ का?"