चौदाव्या पानावरचा शिपाई

मुलांनो, एक देश डोळ्यांसमोर आणा. साल दोन हजार चार, देश इराक. जुनी फौज मोडून टाकलीय आणि आता नवी उभी करायचीय. हुकूमशहाची नाही, लोकांची. त्या फौजेला नियम शिकवणारी एक पुस्तिका तयार होतेय पार अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिन गावात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर.

ती तयार करत होती सुवर्णा, अकरा वर्षांच्या हिमानीची आई. पुस्तिकेचं काम घेतलेल्या अमेरिकन कंपनीत वर्क व्हिसावर आलेली. ग्रीन कार्डाचे, म्हणजे तिथं कायम राहायच्या परवान्याचे कागद कंपनीच्याच हातात. भरतीला येणाऱ्या कितीतरी जणांना वाचता येत नव्हतं, म्हणून दर नियमाला एक चित्र. हिमानीला चौदावं पान पाठ होतं. अधिकारी बोट दाखवतोय, समोर पावासाठी रांगेत उभी असलेली निःशस्त्र माणसं, आणि शिपायानं बंदूक खाली केलीय. असल्या हुकमाला ‘नाही’ म्हणायचं, हा तो नियम.

त्या सकाळी स्कूल बस यायला पाच मिनिटं होती. स्पीकरफोनवर मीटिंग चाललेली. कुकरच्या शिट्ट्या पलीकडे ऐकू जाऊ नयेत म्हणून आईनं नेहमीसारखा फोन म्यूट केलेला. कंपनीचे साहेब म्हणाले, पान चौदा काढून टाका. शिपाई ‘नाही’ म्हणायला लागले तर फौज चालायची कशी? कुणीतरी हसलं.

सुवर्णाच्या हातातली पेन्सिल मोडली. “मग जुनीच फौज ठेवायची होती की मेल्यांनो! मोडली कशाला?” ती फोनवर खेकसली. फोन म्यूटच होता.

हिमानीचे कान तापले. “आई, टेल देम.”

“उद्या त्यांनी कागद अडवले तर बॅगा भराव्या लागतील आपल्याला. कळतंय?”

“मग त्या सोल्जरला कशाला सांगतेस? ही हॅज अ बॉस टू. त्याला तर गोळी घालतील.”

आईनं तिच्याकडे रागानं पाहिलं. मग मान खाली घातली.

कुणाची हरकत आहे का, साहेबांनी विचारलं. त्यांच्या मीटिंगची रीतच होती ती. तीनपर्यंत मोजायचं, कुणी बोललं नाही, तर सगळ्यांना मान्य. वन, ते म्हणाले. टू.

बाहेर कोपऱ्यावर बस येऊन थांबली. हिमानीनं दप्तर खाली टाकलं, टेबलावर वाकून म्यूटचं बटण दाबलं आणि इंग्रजीत ठणकावून सांगितलं, “हरकत आहे. माझ्या आईची.”

आणि फोन आईपुढे सरकवला.