उणे बारा अंशांतली झोप

ट्रेकच्या लीडरने स्लीपिंग बॅग उचलून खिडकीकडे धरली, तेव्हाच ताईंना कळलं की हा आता नाही म्हणणार. कापड इतकं विरलं होतं की आरपार उजेड दिसत होता. पिसांचे गोळे होऊन ते सगळे पायांच्या टोकाला साचले होते आणि छातीच्या जागी नुसतं कापडाला कापड लागलं होतं.

"किती वर्षांची आहे ही?"

"बत्तीस. माझ्या दादाची."

"ताई, वर तंबूत पारा उणे दहाच्या खाली जातो. हिच्यात झोपलात तर सकाळी मला तुम्हाला उचलून खाली आणावं लागेल." लीडर वयाने लहान होता, पण लोकांना वर नेण्याआणण्याचं काम पंधरा वर्षं करत होता. तो उगाच घाबरवत नव्हता. "दुसरी सोय करा. नाहीतर पुढच्या वर्षी बघू."

निघायला सहा आठवडे होते. ताईंनी तीन दुकानं पालथी घातली. एवढ्या थंडीची, खऱ्या पिसांची बॅग मागवावी लागत होती आणि ती यायला दोन महिने. तयार मिळत होत्या त्या कृत्रिम कापसाच्या, गादीएवढ्या. पाठीवर त्याच घ्यायच्या तर बाकीचं सामान डोक्यावर घ्यावं लागलं असतं.

ताई चोपन्न वर्षांच्या. तीस वर्षं त्या आपल्या छोट्या दुकानात लोकांच्या पँटी आखूड करत होत्या, कोटांची अस्तरं बदलत होत्या, चेनी बसवत होत्या. दादा डोंगरात जायचा तेव्हा त्याच्या सामानाचे तुटके पट्टे त्याच शिवून द्यायच्या आणि तो परत आला की वरच्या खिंडीच्या गोष्टी ऐकायच्या. स्वतः जायचं म्हटलं की कधी आईचं आजारपण, कधी दुकान. गेलं वर्षभर मात्र त्याच खिंडीसाठी रोज सकाळी कापडाची दोन ठाणं पाठीवर बांधून त्या पाण्याच्या टाकीची टेकडी चढत होत्या. आता एका बॅगेपायी घरी बसणं त्यांना मंजूर नव्हतं.

"टाकून दे ती," दादा म्हणाला. फुप्फुसांच्या दुखण्यामुळे त्याचे डोंगर सुटून सहा वर्षं झाली होती. जिना चढतानाही तो मध्ये थांबायचा. "त्यातली पिसं मेलीत, धाकटे."

"पिसं मेली नाहीत, मळलीत. मेलंय ते कापड. आणि कापडाचं मी बघते."

रविवारी त्यांनी मागची खोली रिकामी केली, खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, नाकाला रुमाल बांधला आणि बॅगेची पहिली शिवण उसवली. त्या हळूच श्वास घेत होत्या तरी पिसं उडालीच. भुवयांवर, कॅलेंडरवर, दाराच्या कडीवर बसली. दादाने दार उघडून डोकं आत घातलं आणि तो लगेच शिंकला.

"माझी पिसं काढतेस ते कमी होतं म्हणून आता बॅगेची?"

"दार लाव. वारा येतोय."

सगळी पिसं जाळीच्या पिशव्यांत भरून त्यांनी कोमट पाण्यात, सौम्य साबणात भिजवली. पाणी चहासारखं काळपट झालं. बत्तीस वर्षांचा घाम, धूर आणि तेल निघत होतं. पिळायचं नाही, फक्त दाबायचं. पाच पाण्यांनंतर ते स्वच्छ दिसू लागलं. मग सुकवणं. ओली पिसं म्हणजे शेवाळाचे गोळे. दर तासाला त्या पिशव्या हातात घेऊन गोळे बोटांनी फोडायच्या. गिऱ्हाइकाशी बोलतानाही एक पिशवी मांडीवर असायचीच. आठव्या दिवशी पिसं फुलली. मूठ उघडली की हळूहळू वर येत होती, श्वास घेतल्यासारखी.

पण मोडकी आणि भुगा झालेली वेगळी काढल्यावर काट्यावर उरली चारशे ऐंशी ग्रॅम. ताईंच्या हिशेबाने सातशे तरी हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दुकान उघडायला निघाल्या तेव्हा टेबलावर दादाचं पिसांचं जाकीट घडी करून ठेवलं होतं. खिंडीच्या प्रत्येक फेरीला त्याच्या अंगावर असलेलं. त्याच्यावर कात्री होती.

"तू वापरतोस ते," ताई म्हणाल्या.

"कुठे वापरतो? कपाटात टांगून ठेवतो आणि अधूनमधून दार उघडून बघतो." दादाने खुर्चीत बसल्या बसल्या दम घेतला. "तूच उसव. मला सरळ कापता येत नाही."

जाकिटातून एकशे नव्वद ग्रॅम निघाली. ताईंनी ती मोजली, पुन्हा मोजली आणि म्हणाल्या, "भागवते."

कापडासाठी त्यांनी गिरणीच्या उरल्यासुरल्या तुकड्यांचं दुकान गाठलं. प्रत्येक नायलॉन तोंडाला लावून फुंकायचं. फुंकर पलीकडे सहज गेली की तिथून पीसही बाहेर येणार. दुकानदार बघत राहिला. सतराव्या तुकड्यावर ताईंचे गाल फुगले आणि फुंकर अडली. "हे द्या."

वरचं आणि आतलं कापड यांच्यामध्ये पातळ जाळीच्या उभ्या भिंती शिवून त्यांनी कप्पे केले, म्हणजे पिसं घसरत नाहीत. जुन्या बॅगेत त्याच भिंती फाटल्या होत्या. एकेक कप्पा वजन करून भरायचा, लगेच शिवायचा. सगळ्यांत सारखी पिसं, एक ग्रॅम इकडेतिकडे नाही.

बॅग तयार झाली, पण ती उणे दहाला टिकते हे कसं सिद्ध करायचं? गोठवलेल्या मालाच्या गोदामाचे सुपरवायझर ताईंचे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या माणसांचे जाड कोट ताईच दुरुस्त करायच्या. या सुपरवायझरांना अख्खं गोदाम थंडोबा म्हणायचं.

"मला तुमच्याकडे झोपायचंय," ताई म्हणाल्या.

थंडोबांनी चष्मा काढला. "म्हणजे?"

समजल्यावर ते हसले नाहीत. उणे बाराची एक खोली दुपारी रिकामी असते म्हणाले. अट एकच, दर पंधरा मिनिटांनी ते स्वतः येऊन हाक मारणार आणि ओ आली नाही तर बाहेर ओढणार.

पहिल्या दुपारी ताई शिंप्याचा खडू घेऊनच बॅगेत शिरल्या. विसाव्या मिनिटाला पावलं गार पडली. पस्तिसाव्याला चेनीच्या बाजूने सुरीसारखी थंडी आत आली. जिथे जिथे गार लागेल तिथे त्या आतून खडूने फुली मारत होत्या. पन्नासाव्या मिनिटाला दात वाजायला लागले आणि थंडोबांनी त्यांना बाहेर काढलं.

"राहू द्या ना, ताई," गरम पाण्याचा ग्लास देत ते म्हणाले. "अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात."

"मी अंथरूणच मोठं करतेय," ताई म्हणाल्या.

घरी त्यांनी बॅग उलटी करून फुल्या मोजल्या. अकरा. नऊ पायांशी आणि चेनीला. चूक त्यांचीच होती. शरीर सगळीकडे सारखं तापत नाही, आणि पिसं त्यांनी सारखी वाटली होती. निघायला नऊ दिवस उरले होते. त्यांनी दुकानाला पाटी लावली, 'आठवडाभर बंद', आणि बारा कप्पे पुन्हा उसवले. पोटावरची थोडी पिसं काढून पावलांना दिली. चेनीच्या मागे आतून पिसांची लांब नळी शिवली, पडद्यासारखी. दादा समोर बसून काटा वाचत होता. "बत्तीस. तेहतीस. थांब, अजून चिमूटभर."

दुसऱ्या वेळी लीडरही आला. जाड कोट घालून तो दारात उभा राहिला आणि घड्याळ बघत राहिला. पाऊण तास झाला. दीड तास झाला. दर हाकेला आतून "हं" येत होतं. अडीच तासांनी थंडोबांनी हाक मारली आणि काहीच आलं नाही. दोघे धावले. लीडरने बॅगेच्या टोपीची दोरी सैल केली. ताईंचा चेहरा लालबुंद होता आणि त्या बारीक घोरत होत्या.

लीडरने त्यांना हलवून उठवलं. "सोमवारी पहाटे पाचला," तो म्हणाला. "उशीर नको."

खिंड मात्र झाली नाही. चौथ्या दिवशी वरच्या तळावर बर्फ पडायला लागलं. खिंड समोर दिसत होती, दोन तासांची चढण. लीडरने बराच वेळ वर बघितलं आणि सगळ्यांना खाली वळवलं. तंबूत दोनजणांनी आदली रात्र थंडीने बसून काढली होती. ताई झोपल्या होत्या. उतरताना त्या एकदाही मागे वळून बघायला थांबल्या नाहीत. डोळे पुसताना पाय घसरला असता.

घरी आल्यावर दादाने त्यांच्या पाठीवरची पिशवी उतरवून घेतली. "खिंड?"

"दिसली."

ताईंनी बूट काढले, पावलं चोळली. "पुढच्या वर्षी पंधरा दिवस आधी निघायचं. बर्फ पडायच्या आत. लीडरशी बोलले मी उतरतानाच. आणि खांद्यापाशी अजून दोन फुल्या सापडल्यात, त्या काढायच्यात."

"पिसं लागतील," दादा म्हणाला.

"लागतील. शोधू." त्या उठल्या आणि बॅग वाळत घालायला मागच्या खोलीत दोरी बांधू लागल्या.