फक्त उन्हात दिसणारा बोर्ड

मित्रांनो, माझं वय अवघं चार वर्षं आहे. पण नागपुरात चार उन्हाळे उघड्यावर काढलेल्या वस्तूला नवी म्हणायची पद्धत नाही, म्हणून मीही स्वतःला जुनाच समजतो. मी एक बोर्ड आहे. कुठली बस, किती वाजता, हे सांगायला मला बनवलं. माझ्यात एक गुण आहे आणि एक दोष आहे, आणि ते दोन्ही एकच आहेत. मी फक्त उजेडात दिसतो. ऊन जितकं कडक, तितका मी स्पष्ट.

मला सरितानं बनवलं. ती हुडकेश्वरला आईसोबत राहायची आणि दुकानांवरचे दिव्यांचे लुकलुकणारे बोर्ड दुरुस्त करायची. मे महिन्यात तिला श्वास घ्यायला वेळ नसे. निम्मे बोर्ड तापून मरायचे, आणि उरलेले निम्मे जिवंत असूनही दिसायचे नाहीत. भर दुपारी त्यांच्यावर काय लिहिलं आहे हे फक्त दुकानदाराला माहीत असे, कारण मजकूर त्यानंच दिलेला असे.

माझी कल्पना तिला एका लग्नाला जाताना सुचली. सभागृह सापडत नव्हतं. सगळं वऱ्हाड रस्त्यात उभं राहून, मोबाइलवर ओढणी धरून, नकाशा शोधत होतं. उन्हात कोणालाच पडदा दिसेना. सरिताची आई भीमाबाई मात्र हात लांब करून लग्नपत्रिका वाचत होत्या.

"काय वं, ओढणी डोक्यावर घेऊन काय शोधून राहिली? हे पाह्य ना. दुसरी गल्ली, डाव्या हाताले."

सरितानं पत्रिका हातात घेतली आणि तिथंच उभी राहिली. कागदाला दिवा नसतो, तरी तो उन्हात दिसतो. उलट उन्हामुळेच दिसतो. मग बोर्डानं उन्हाशी भांडायचं कशाला? या विचारात तिचं लग्नही चुकलं आणि जेवणही चुकलं. भीमाबाई दोन्ही करून आल्या.

त्यानंतर बेसा भागात भाड्यानं घेतलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये माझा जन्म सुरू झाला. सुरू झाला म्हणतो, कारण तो बरेच महिने चालला. माझं अंग तेलाच्या पिप्यांचं आहे. पिपे कापून सरितानं रुपयाएवढ्या चकत्या काढल्या, हजाराच्या वर. प्रत्येक चकती एका बाजूनं काळी, दुसऱ्या बाजूनं पिवळी. मागून विजेचा एक झटका दिला की ती पलटते, आणि मग वीज काढली तरी तशीच राहते. पिवळ्या चकत्या मिळून अक्षर होतं. सगळ्या एकदम पलटल्या की परातीत मुरमुरे ओतल्यासारखा आवाज येतो.

पिपे अर्थातच भीमाबाईंच्या स्वयंपाकघरातले होते. पिपे गेले म्हणून तांदूळ बादलीत गेले, बादली गेली म्हणून आंघोळीचं पाणी कुकरमध्ये आलं, आणि कुकर गेला म्हणून त्या दिवशी वरण झालंच नाही.

"सरिते, हे घर हाय का टिनाचा कारखाना?"

"आई, दोनच पिपे अजून."

"दोन दोन करत एक दिवस मले पातेल्यात झोपवशील तू."

तयार झाल्यावर तपासणीसाठी सरितानं मला घराच्या फाटकावर लावलं. ते माझे सोन्याचे दिवस. नळाला पाणी आलं की मी 'पाणी आलं' असं दाखवायचो, आणि गल्लीच्या टोकापासून बाया हंडे घेऊन निघायच्या. लोक माझं कौतुक करायचे. सिलेंडरची गाडी, हरवलेली बकरी, कोणाचं बारसं, सगळं माझ्यावर यायचं. शेजारच्या वंदनाबाईंनी एकदा 'माझ्या दारात कचरा टाकू नये' असं लावायला सांगितलं. समोरच्या कौशल्याबाईंनी लगेच 'कचरा कोणाचा ते सर्वांना माहीत आहे' असं लावायला सांगितलं. मी दिवसभर आळीपाळीनं दोन्ही दाखवलं. संध्याकाळपर्यंत दोघी माझ्यावरच चिडल्या आणि एकमेकींशी बोलू लागल्या. माझ्या हातून झालेलं हे एकमेव समाजकार्य.

पण सरिताला गल्ली नको होती. तिला उमरेड रोडवरचे थांबे हवे होते, जिथं दुपारी माणसं डोळ्यांवर हात धरून समोरून कुठली बस येते आहे याचा अंदाज करतात. दुरुस्तीची कामं तिनं केव्हाच सोडली होती. शेडचा मालक जागा परत मागत होता. अशात एका सरकारी कार्यालयानं थांब्यांसाठी नवे बोर्ड बघायचं ठरवलं आणि सरिताला मे महिन्यातली तारीख मिळाली.

आदल्या दिवशी ती माझ्या चकत्या पुसत आईला म्हणाली, "हे झालं तर झालं. नाही तर पुण्याची नोकरी घेते मी. आन् हा भंगारात."

मी समोरच होतो, मित्रांनो. माझ्यासमोर असं बोलायला नको होतं. पण मला कान आहेत असं कोणाला वाटत नाही.

कार्यालयाच्या सभागृहात गेलो तेव्हा बाहेर सेहेचाळीस अंश होते आणि आत रात्र होती. काचांना काळी फिल्म, त्यावर पडदे, आणि दोन्ही कोपऱ्यांत कूलर. समितीचे प्रमुख चंपतराव साहेब जेवून आले होते. सरितानं माझ्यावर 'उमरेड १:१०' असं लावलं आणि बाजूला उभी राहिली.

"बाई, चालू करा बोर्ड," चंपतराव म्हणाले.

"चालू हाय सर."

"कुठं?"

"तुमच्या समोर."

चंपतरावांनी मान पुढे काढली. "समोर तर कपाट हाय."

"कपाट त्याच्या मागं हाय सर."

सरितानं मोबाइलचा टॉर्च मारला. त्या गोलात एका वेळी एकच अक्षर मावत होतं. 'उ', असं साहेबांनी वाचलं. मग 'म'. 'रे'पर्यंत पोचेस्तोवर ते 'उ' विसरले.

"सर, हा उन्हासाठी हाय. अंधारात नाही दिसत."

"मग ऊन आणा ना आत!"

"रात्री वरून एक बल्ब लावला की झालं, सर."

"मग आम्ही बल्बच लावतो ना. बोर्ड कायले?"

सगळे हसले. सरिता हसली नाही. तिनं मला एकटीनं ओढत अंगणात नेलं आणि उन्हात उभं केलं. मित्रांनो, त्या दिवशी मी जसा चमकलो तसा आयुष्यात कधी चमकलो नाही. रस्त्यावरच्या पानठेल्यावरून एक माणूस ओरडला, "उमरेड कितीचं? एक दहाचं का?" पण समिती काळ्या काचेच्या आत होती. साहेबांनी आतूनच फोन केला, तो सरितानं स्पीकरवर घेतला.

"दिसून नाही राहिला, बाई."

"सर, काच उघडा."

"काच उघडली तर कूलरची हवा जाते."

"मग दोन मिनिटं बाहेर या सर. मी छत्री धरते."

"छत्रीची सावली बोर्डावर पडन ना. मग तुम्हीच म्हणसान, ऊन नव्हतं." फोनमध्ये कूलरचा आवाज मोठा झाला. "बाहेर सेहेचाळीस हाय. मी मेलो तर सही कोण करन? संध्याकाळी पाहू, थंड झाल्यावर."

सरिता डोक्यावर ओढणी घेऊन माझ्याजवळ उभी राहिली. दर थोड्या वेळानं ती खिडकीकडे हात हलवायची. संध्याकाळी समिती चहाचे कप घेऊन बाहेर आली, तेव्हा इमारतीची सावली माझ्यावर पसरली होती. मी कळकट टिन झालो होतो. चंपतराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला सगळीकडून निरखलं आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, मनापासून सांगतो. मेहनत दिसते तुमची. बोर्ड दिसत नाही."

अहवालात एकच ओळ होती. सदर उपकरण सूर्यावर अवलंबून असून सूर्य या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.

घरी आल्यावर भीमाबाईंनी तिच्या हातात पन्ह्याचा ग्लास दिला. तिनं तो तसाच धरून ठेवला.

"आई, मी दिवसभर उन्हात उभी होती. त्यायले मी बी नाई दिसली."

भीमाबाईंनी ग्लास तिच्या ओठांना लावला.

शेड गेली. पुण्याची नोकरी आली. एका काळोख्या खोलीत बसून मोबाइलचे पडदे किती उजळ आहेत ते मोजायचं, असं ते काम आहे. जाण्याआधी सरितानं मला भंगारवाल्या नत्थूभाऊंच्या गाडीवर स्वतः चढवलं. माझी अक्षरं बदलणारी पेटी तिनं काढून पिशवीत टाकली. त्यामुळे माझ्यावर 'उमरेड १:१०' तसंच राहिलं, आणि ते बदलणं आता कोणाच्या हातात नव्हतं.

काही दिवसांनी नत्थूभाऊ मला इतर भंगारासोबत उमरेड रोडवरच्या त्यांच्या दुकानात न्यायला निघाले. भर दुपार होती आणि दुकान जवळ आलं होतं. मी गाडीवर उभा बांधलेला होतो. मागून एक बाई दोन बोचकी सांभाळत धावत आली.

"ओ भाऊ, थांबा ना! उमरेड जाते का?"

"मी बस नाई मावशी. भंगार हाय हे."

"उमरेडची बस अशीच तर असते!"

तिच्या मागून आणखी चौघं आली. पुढच्या चौकात एका आजोबांनी गाडी अडवली आणि खिडकीची जागा मागितली. नत्थूभाऊंनी शेवटी घाम पुसत सरिताला पुण्याला फोन लावला. फोनही भंगारातून आलेला, त्यामुळे तो फक्त स्पीकरवरच चालायचा. मी सगळं ऐकलं.

"ताई, तुमचा बोर्ड वापस घ्या. लोक मले बस समजून राहिले."

मग सरिता म्हणाली, "किती दुरून दिसला, भाऊ?"

"अं?"

"मावशी कुठून धावत आली?"

"पार पाण्याच्या टाकीपासून आली बाप्पा!"

सरिता हसली की रडली, ते कळलं नाही. नत्थूभाऊंना वाटलं नेटवर्क गेलं. शेवटी ती एवढंच म्हणाली, "त्याले उलटा नका ठेवू, भाऊ. ऊन लागू द्या."

तेव्हापासून मी नत्थूभाऊंच्या दुकानाच्या भिंतीवर आहे. रोज दुपारी माझ्याखाली लोक उमरेडच्या बसची वाट बघतात. पहिल्या दिवशी कंडक्टर ओरडला, "इथं स्टॉप नाई!" लोक म्हणाले, "बोर्ड हाय ना!" त्यानं माझ्याकडे पाहिलं, ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलं, आणि बस थांबली. आता ती रोज थांबते. मला पास कोणीच केलं नाही.

भीमाबाई दर रविवारी येतात. ओल्या फडक्यानं मला पुसतात आणि सरिताला फोन लावतात. सरिता एकच विचारते, किती दुरून दिसतो. मग भीमाबाई फोन स्पीकरवर ठेवून, माझ्याकडे तोंड करून, उलट्या पावली रस्त्याच्या कडेनं मागे जाऊ लागतात.

"दिसते. दिसते वं. अजून दिसते."

अशा त्या, मावशी जिथून धावत आली त्या पाण्याच्या टाकीपर्यंत जातात. निदान गेल्या वर्षी तरी तिथून मी खरंच दिसायचो. पण माझ्या चकत्यांत आता धूळ बसली आहे. काही गळून पडल्या, त्यांच्या जागी भोकं दिसतात. 'ड'चं पोट गेलं आहे. या मे महिन्यात लोक टाकीच्या बरंच अलीकडे, पंक्चरच्या दुकानापाशी येऊन थांबतात आणि एकमेकांना विचारतात, काय लिहिलं आहे हो? सरितानं सुट्टी मागितली आहे. दिवाळीतही मागितली होती.

भीमाबाई पंक्चरच्या दुकानापाशी थांबत नाहीत. त्या टाकीपर्यंतच जातात.

"आई, खरं सांग."

"खरंच सांगून राहिली. पिवळं धम्मक दिसते."

मित्रांनो, उमरेड रोडनं कधी गेलात तर खाली उतरा. भिंतीजवळच्या मातीत माझ्या चकत्या सापडतील, त्या खेळायला नेऊ नका, नत्थूभाऊंकडे द्या. हाताशी फडकं असेल तर मला पुसा. सरिता येईपर्यंत मला अक्षरं धरून ठेवायची आहेत, आणि ते माझ्या एकट्याच्यानं होत नाही. भीमाबाईंना खोटं न बोलता टाकीपर्यंत जाता यावं, एवढंच माझं मागणं आहे.