हिरव्या किरणाचा पाऊस

नगरपालिकेचं सभागृह खच्चून भरलं होतं. पडदे ओढून अंधार केलेला. पाऊस पाडून देतो म्हणणाऱ्या मेघगुरूंनी बरणीत हिरव्या लेसरचा किरण सोडला आणि आत खरोखर ढग दाटला!

“जलाणूंना, पाण्याच्या कणांना, मी फक्त हाक मारतो,” गुरू म्हणाले. “बरणीत येतात, तसे आभाळातही येतात. मात्र गर्दीत शंकेखोर असला की रुसतात!”

लोक एकमेकांकडे संशयानं पाहू लागले. मग गुरूंनी गच्चीवरून तोच किरण आभाळाकडे रोखला. संध्याकाळी सर आली. सलग तिसऱ्यांदा.

मी हवामान केंद्रात निरीक्षक आहे. पहिल्या दोन सरी मी हसण्यावारी नेल्या. तिसरीला माझं हसू मावळलं. रोज सकाळी माझे मामा फोन करायचे, “काय गं, पाऊस कधी?” मी अंदाज सांगायचे. निवृत्तीनंतर घरात बसून कंटाळलेले मामा आता गुरूंचा उजवा हात झाले होते आणि किरणाची तारीख माझ्या अंदाजानंतरच ठरत होती.

कळूनही मी गप्प बसले. मामांना गावात पहिल्यांदाच मान मिळत होता. शिवाय, कुणाचं काय बिघडतंय?

बिघडलं. तलाव आटत आला तरी गुरूंच्या भरवशावर नगरपालिकेनं पाणीकपात टाळली. तीन सरींनी तलाव भरत नाही. नळ कोरडे पडले. शेजारच्या शिक्षिकाबाई डायलिसिसला गेल्या आणि इस्पितळात पाणी नाही म्हणून परत आल्या. दुसऱ्या शहरात नेईपर्यंत त्यांची शुद्ध हरपली. वाचल्या; पण त्यांचा सुजलेला चेहरा पाहून मला मान वर करवेना.

पुढच्या सभेत मी बरणी घेऊन व्यासपीठावर चढले.

“लेसर बंदच ठेवा,” मी म्हणाले. गरम पाणी ओतलं, विझवलेल्या काडीचा धूर आत सोडला, तोंडावर बर्फाची ताटली ठेवली. ढग दाटला.

“वाफ गार झाली, धुराच्या कणांवर थेंब जमले. लेसर ढग करत नाही, फक्त उजळून दाखवतो. शास्त्रज्ञांनी प्रचंड ताकदीच्या लेसरनं दमट हवेत सूक्ष्म थेंब बनवलेत, पण त्यांनाही पाऊस पाडता आलेला नाही. हा तर फळ्यावर ठिपका दाखवायचा लेसर!”

“मग तीनदा पाऊस कसा पडला?” गुरू कडाडले.

“अंदाज माझा होता. मी मामांना सांगायचे, मामा तुम्हाला.”

पहिल्या रांगेतले मामा सावकाश उठले.

“खरंय. गुरुजी रोज विचारायचे, मी सांगायचो.” मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “तुला माहीत होतं ना? मग आधी का नाही बोललीस?”

मी बरणी उचलून व्यासपीठावरून उतरले. दुसऱ्या दिवशी पाणीकपात सुरू झाली. मी शिक्षिकाबाईंना सगळं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, “महिनाभर आधी सांगितलं असतंस तर...”

म्हणून हे लिहिते आहे. चमत्कार दिसला की विचारा, तपासा, स्वतः करून पाहा. आणि ज्याला खरं ठाऊक आहे त्यानं, घरचं माणूस दुखावेल म्हणून, माझ्यासारखं गप्प बसू नये.