मंजुळाबाईंनी पाहिलेला बर्फ

अडकित्त्याच्या दोन पात्यांमध्ये सुपारीचं खांड धरलेलं होतं आणि ते कातरलं जात नव्हतं. मायचा अंगठा वरच्या दांडीवर टेकलेला, पण दाब नाही. बोलता बोलता हात मध्येच थांबलेला — आणि आतल्या खोलीत कुलरसमोर पडलेल्या बालाजीची नजर पडद्याच्या फटीतून नेमकी त्या खांडावर खिळली होती. आता कातरेल. आता. कट् असा आवाज झाला की बोलणं संपेल, सखुमावशी उठेल, बाजाराची पिशवी उचलेल... पण हात तसाच राहिला.

“कापूस म्हन तू,” माय सांगत होती. “सरकी काढलेला. पार डोंगराच्या शेंड्यापस्तोर कापूसच कापूस. पर कापसाला कशी ऊब ऱ्हाती सखू, ह्याला न्हाई. आत घातला की हात आपला ऱ्हातच न्हाई.”

“बाई गं! आन् पाय बुडत न्हाईत?”

“बुडतेत की. गुडघ्याइतके. मंग बाळूनं हात धरला माझा. जो धरला, तो खाली येईपस्तोर सोडलाच न्हाई लेकरानं.”

बालाजी भिंतीकडे वळला. कुलरच्या पाण्याचा शेवाळी वास नाकात गेला. मायनं बर्फ पाहिलाच नव्हता. आणि हात...

सहल होऊन तीन आठवडे झाले होते. औंढ्याच्या तहसील कचेरीतली चार कुटुंबं मिळून गेली होती. परभणीहून अंबाल्यापर्यंत रेल्वे, पुढं टेम्पो ट्रॅव्हलर. सिमला, कुफ्री, मनाली. मायनं काही मला न्या असा हट्ट केला नव्हता. बालाजीनंच कचेरीत सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं, की मी आईला घेऊन जाणार, वडील गेल्यापासून तिनं शेत आणि घर यापलीकडं काही पाहिलं नाही. चहा पिणारे हात थांबले होते. कुणीतरी म्हणालं होतं, असा मुलगा असावा. ते वाक्य त्याला फार आवडलं होतं — पुढं किती दिवस ते तो मनातल्या मनात खडीसाखरेसारखं चघळत राहिला होता... आईला नेण्याआधीच आईला नेल्याचं सगळं सुख त्यानं भोगून संपवलं होतं.

आणि तिथं, सिमल्याच्या मॉल रोडवर, माय दमली आणि एका चकचकीत दुकानाच्या पायरीशी सरळ जमिनीवर मांडी घालून बसली. नऊवारी लुगडं, त्यावर त्याच्या बायकोनं, मंजुषानं घेऊन दिलेला लाल स्वेटर, डोक्याला माकडटोपी. चंची सोडून तिनं पान काढलं. बाकी मंडळी फोटो काढत उभी होती आणि बालाजी वळून दरी पाहू लागला होता. दरीत पाहण्यासारखं काही नव्हतं, नुसतं धुकं होतं, तरी तो पाहत राहिला.

पण खरं झालं ते कुफ्रीला. घोड्यांची रांग होती, चिखल होता, भाव चालले होते आणि माय एका घोड्यापाशी जाऊन त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवत होती. “कारे बाबा,” तिनं घोडेवाल्याला आपल्या बाजारातल्या हिंदीत मोठ्यानं विचारलं, “इसको पेंड डालते की न्हाई? पोट देख कैसा खपाटी को गया! चंदी नहीं तो सवारी कायकू करते? जनावर को तकलीफ होती ना.” घोडेवाला बघतच राहिला. कचेरीतल्या विश्वजीतची बायको, अपर्णावहिनी, तोंडावर रुमाल धरून हसल्या, मग सगळेच हसले...

नाही. वहिनी नंतर हसल्या. आधी मी हसलो. त्यांच्याकडं बघून, खांदे उडवून, बघा आमची म्हातारी, अशा अर्थानं मी आधी हसलो आणि मग त्यांना हसायची मोकळीक मिळाली. मायनं घोड्याकडं नाही, घोडेवाल्याकडं नाही, माझ्याकडं पाहिलं. घोड्याच्या पाठीवरचा हात काढून घेतला, स्वेटरला पुसला. मनालीपर्यंत ती गाडीत बोलली नाही. डोळे मिटून बसली होती, आणि ती झोपली आहे असं मी प्रत्येक थांब्यावर सगळ्यांना सांगत होतो.

त्याच रात्री जेवणानंतर त्यानं तिला सांगितलं, “आई, उद्या वर बर्फाला जायचंय. पण सत्तरीच्या माणसाला सोडत नाहीत तिथं. तपासणी असते.” घरी तो तिला माय म्हणे, सहलीत सगळ्यांसमोर आई म्हणू लागला होता आणि खोलीतही तेच तोंडी आलं.

“व्हय का? मंग जावा तुमी. मी बसते की.”

इतकं सहज म्हणाली, की त्याला तिचा रागच आला. थोडं तरी वाईट वाटून घेतलं असतं तर त्याला समजूत घालता आली असती. सकाळी गाडीत त्यानं विश्वजीतला सांगितलं, आईचे गुडघे दुखतात. लेकीला, प्रतीक्षाला सांगितलं, आजीला दम लागतो. मंजुषानं एकदाच विचारलं, “खरंच सोडत नाहीत का हो?” आणि उत्तर ऐकून खिडकीबाहेर पाहू लागली. तिनं पुन्हा विचारलं नाही.

हेही एक वेळ पोटात घालता आलं असतं. पण वर गेल्यावर त्याला मजा आली. भाड्याचा कोट, भाड्याचे गमबूट घालून तो लेकीसारखा बर्फावरून घसरत गेला, विश्वजीतच्या अंगावर गोळे फेकले, ओठ निळे पडेपर्यंत हसला. आणि चार तास, अख्खे चार तास, हॉटेलच्या खोलीत आपली माय बसली आहे हे त्याला एकदाही आठवलं नाही. उतरताना घाटात गाड्या अडकल्या. परतायला आठ वाजले. खोलीचं दार ढकललं तर आत दिवा नव्हता. खिडकीपाशी खुर्ची, खुर्चीत माय.

“आलात? जेवलात का न्हाई काई?”

तेव्हापासून ती खुर्ची त्याच्याबरोबर होती. कचेरीत फाइल उघडली की खुर्ची. सकाळी नऊ ते रात्री आठ, अकरा तास, थर्मासमधला गार झालेला चहा, बिस्किटाचे दोन पुडे, आणि तिला लावताच न येणारा टीव्ही. ती उठली असेल का? शौचाला गेली असेल तेव्हा दाराची ती अनोळखी कडी तिला उघडली असेल का? ते अकरा तास त्यानं इतक्या वेळा, इतक्या बारकाईनं रचले होते, की आपण तिथंच तिच्यासमोर बसून होतो असं त्याला कधी कधी वाटे.

आणि माय मात्र बर्फ सांगत होती. पहिल्यांदा शेजारणीला सांगितलं तेव्हा नुसती थंडी होती. मग प्रतीक्षाच्या तोंडून ऐकलेलं, मोबाईलमध्ये पाहिलेलं त्यात येत गेलं. आणि आज, तिच्या माहेरची, शिरड शहापूरची सखुबाई इथं, जवळा गावच्या बाजाराला म्हणून आली आणि उन्हाची दोन घटका टेकली, तर आज तो हातही आला.

“फोटू न्हाई का काढला तुझा?” बाहेर सखुबाई विचारत होती. “बालाजी हाय न्हवं घरात?”

“झोपलाय त्यो. ऱ्हाऊ दे.”

“दुपारचं काय झोपून राहिलं? ए बालाजी! बाळा, जरा ये की रे भाईर!”

तो उठला. बनियनवर सदरा चढवताना बटणं वरखाली लागली. खिशातल्या मोबाईलमध्ये वरच्या बर्फातले दोनशे बारा फोटो होते — त्यानं एकदा मोजले होते, त्यात माय कुठंतरी चुकून आली असेल, असं म्हणून. तो पडदा सारून बाहेर आला, आणि तो काही बोलायच्या आत माय म्हणाली, “वर मोबाईल बंद पडला व्हता न्हवं रे? गारठ्यानं?”

ती त्याच्याकडं पाहत नव्हती. सुपारीकडं पाहत होती.

“व्हय मावशी,” बालाजी म्हणाला. “बंद पडला होता.”

“काय का असंना. तुज्या मायनं बघितलं, मला पावलं.” सखुबाई उठली, जवळ आली, आणि त्याच्या गालांवरून दोन्ही हात फिरवून तिनं आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. “थोरल्याला माझ्या सांगते आता. बघ म्हनावं मंजुळीचं लेकरू. मायचा हात धरून स्वर्गात नेऊन आणलं.”

गालांवर तिच्या हातांचा कांद्याचा वास राहिला. तिला फाटकापर्यंत पोचवून तो परत आला, तेव्हा माय होती तशीच बसली होती. तो समोरच्या खांबाला टेकून बसला. कितीतरी वर्षांनी तो तिच्यासमोर जमिनीवर बसत होता.

“काहून सांगितलंस, माय?”

“काय?”

“हात धरल्याचं.”

कट्. सुपारी कातरली गेली. “मंग काय सांगू? लोक इचारतेत.”

“खरं सांगायचं.”

“खरं?” तिनं वर पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, नवल होतं. “खरं सांगाया लागलं की पहिल्यापून सांगावं लागतंय बाळू. मी काहून खाली ऱ्हायले, तितून. आन् तिथं तर कोनी कोनाला आडवत न्हाई.”

कुलरची मोटार आत घरघरत होती. तो खांबापासून पुढं सरकला. “तुला... कुणी सांगितलं?”

“मिनानं.”

“कोण मिना?”

“हाटेलात झाडाया येती न्हवं का, ती. तुमी गेल्यावर तासाभरानं आली. म्हनली, अम्मा तुम कायकू नहीं गये, सब जाते. म्हातारी-कोतारी, कडेवरची लेकरं, समदे जातेत म्हनली. मी म्हनलं, माजे गुडघे दुखते बाई.”

म्हणजे सकाळी दहालाच तिला कळलं होतं. आणि दहालाच, त्या परक्या मुलखात, कुणा परक्या बाईसमोर तिनं त्याच्यावर पांघरूण घातलं होतं. गुडघ्यांचं, त्यानं गाडीत घातलं होतं तेच, न ठरवता.

“मंग ती म्हनली, बैठके क्या करते, घर चलो. गेले.”

“गेलीस? कुठं?”

“तिच्या घरी. हाटेलाच्या मागं चढून जावं लागतंय जरासं. लाकडाचं घर, खाली गुरं, वर मानसं. तिची सासू व्हती, ऐंशी वर्साची, मानेला गलगंड. तिला माझं कळंना, मला तिचं. पर लोकर पिंजून राहिली व्हती ती, मी म्हनलं आन इकडं. दोघी पिंजत बसलो.” मायनं कातरलेली सुपारी दाढेखाली सरकवली. “सफरचंदाची झाडं दारातच. फळ बोराएवढं, हिरवं. सांजच्याला गाय पिळली मी. ती म्हातारी भ्याली, खुणेनं म्हनली मारंल. पाय बी न्हाई उचलला बघ त्या गाईनं. वळखीची असल्यावानी हुभी. मंग बराबर दिवेलागणीला मिनानं आणून सोडलं मला. म्हनलं, लेकरं येतील, खोली बंद दिसली तर घाबरतील. दिवा कुठं लावायचा ते गावंना, म्हनून बसले खुर्चीवर.”

घटकाभर. ती त्या खुर्चीवर घटकाभर बसली होती.

हायसं वाटायला हवं होतं. बालाजी वाट पाहत राहिला, पण काही वाटेना. नुसतं पायाखालचं काढून घेतल्यासारखं झालं. तीन आठवडे तो जिच्यासमोर बसून झुरत होता ती माय त्या खोलीत नव्हतीच. ती डोंगरावर कुणाच्या तरी गाईची धार काढत होती. आणि तो एवढा दिवस — तिच्या सत्तर वर्षांतला कदाचित एकटीचा, कुणाच्या मागं न चालता मिळालेला एकच दिवस — तिला सखुमावशीलाही सांगता येत नव्हता, कारण तो सांगायचा तर लेकापासून सुरुवात करावी लागली असती. म्हणून ती फोटोतला बर्फ सांगत होती.

“मला तरी सांगायचं होतंस,” तो म्हणाला.

“तू इचारलंस कवा?” मिठाचा डबा कुठं आहे ते सांगावं, तसं ती म्हणाली.

खरंच होतं. त्या रात्री दिवा लावल्याबरोबर तो तिला मोबाईल दाखवायला बसला होता. हे बघ, हे बघ, आणि हे.

फाटक वाजलं. मंजुषा आणि प्रतीक्षा बाजारातून आल्या, उन्हानं लाल झालेल्या. “सखुमावशी गेल्या एवढ्यात?” मंजुषानं पिशव्या टेकवत विचारलं.

“गेली. बर्फाचं सांगत व्हते तिला,” माय म्हणाली आणि हसली. मंजुषानं बालाजीकडं पाहिलं. त्यानं सदऱ्याची चुकलेली बटणं नीट लावायला घेतली.

माय गुडघ्यावर हात रेटून उठली, भाजीची पिशवी घेऊन स्वयंपाकघरात गेली. पुढच्या बाजाराला आणखी कुणीतरी येईल, पुन्हा तो कापूस निघेल, हात धरला जाईल, आणि तो आत पडून ऐकेल. आता त्या बर्फाखाली काय आहे ते माहीत असून ऐकेल. आपण होऊन खरं सांगावं का? मंजुषाला? सखुमावशीला? की तो दिवसही तिच्याकडून काढून घेतल्यासारखं होईल... त्याला कळेना. त्याला एवढंच कळत होतं, की ती गाय कोणत्या रंगाची होती हे आपल्याला कळायला हवं आहे. काळी, की तांबडी? तिला वशिंड होतं का? त्या म्हातारीनं निघताना मायला काय खूण केली? असलं काही मायला विचारावंसं वाटून किती वर्षं झाली होती, आणि आता वाटत होतं तर तोंड उघडण्याचा धीर होत नव्हता.

तो स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. ती पाठमोरी बसून मेथीच्या जुडीचा दोरा सोडत होती.

“काय पायजे?”

“काही नाही.”

“मंग उजेडातून सर की जरा.”

तो सरला. गेला मात्र नाही.