रिक्त पदे : निरंक

आमच्या ऑफिसात मी ड्रायव्हर आहे आणि ऑफिसला जीप नाही. जीप होती, ती निकामी ठरली आणि लिलावात गेली. मी निकामी ठरलो नाही, म्हणून राहिलो. रोज वेळेवर येतो, हजेरीवर सही करतो आणि दाराजवळच्या बाकावर बसून कारभार बघतो. सरकारचा हिशेब मला आजवर कळलेला नाही. जिथं काम नाही तिथं माणूस दिलाय आणि जिथं कामाचा ढीग आहे तिथं नुसती खुर्ची.

ऑफिस जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठ्याचं, बोरसावळी गावात. ढाणकी-फुलसावंगीकडच्या काळ्यापिवळ्या जीपा आमच्या दारासमोरच थांबतात. नळयोजना बंद पडल्याची तक्रार घेऊन लोक उन्हातानाचे येतात आणि आधी प्यायला पाणी मागतात. त्यांना समोरच्या हॉटेलात पाठवावं लागतं, कारण पाणीपुरवठ्याच्या ऑफिसला नळ नाही.

या ऑफिसात क्लार्कच्या दोन जागा मंजूर आहेत. एकीवर रजनी मॅडम होत्या आणि दुसरी कैक वर्षं रिकामी होती. तिच्यावर आम्ही जुन्या फायली ठेवायचो. आवक मॅडम बघायच्या, जावक त्याच बघायच्या. बिलं, पगारपत्रकं, माहिती अधिकाराची उत्तरं, सरपंचांची समजूत घालणं, सगळं त्यांच्याकडे. कॉम्प्युटरवर मराठी टाइप करता येणारं माणूस अख्ख्या ऑफिसात त्या एकट्याच. साहेबांना टाइप येत नव्हतं आणि मला टाइप करायला कोणी सांगितलं नव्हतं.

मॅडमचं घर दारव्ह्याला. नवरा तिथं शाळेत शिक्षक. मुलगी मिताली दुसरीत असताना त्या इथं आल्या, आता ती नववीत आहे. शनिवारी संध्याकाळी निघायच्या, पुसद, दिग्रस करत रात्री पोहोचायच्या आणि सोमवारी पहाटे परत. घरात पाय ठेवला की मुलगी आधी विचारते, किती दिवसांची सुट्टी? हे मॅडमनी मला एकदा हसत हसत सांगितलं. मला काही हसू आलं नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या बदलीचा आदेश निघाला, दारव्ह्यालाच. आम्ही पेढे खाल्ले. पण आदेशाच्या खाली एक ओळ होती, की दुसऱ्या रिक्त जागेवर कर्मचारी रुजू झाल्यावरच यांना कार्यमुक्त करावं. ऑफिसातून सुटका होण्याला आमच्याकडे कार्यमुक्त होणं म्हणतात, आणि शब्द अगदी बरोबर आहे. पेढे पचले, आदेश कपाटात गेला, मॅडम खुर्चीवर राहिल्या.

आमचे कमलाकर साहेब, म्हणजे उपअभियंता, माणूस वाईट नाही. यवतमाळच्या घरात तीन पिढ्या नोकरी. कपडे इस्त्रीचे, सही सुंदर आणि जीव भित्रा. मॅडम विचारायच्या तेव्हा ते मनापासून म्हणायचे की माणूस येऊ द्या, त्याच दिवशी सोडतो. पण माणूस द्या म्हणून यवतमाळला ते कधी गेले नाहीत. कशाला जातील? एक बाई चौघांचं काम करत होती आणि पगार एकीचाच घेत होती. मला या गोष्टीचा फार राग यायचा, पण बाकावर बसलेल्या माणसाच्या रागाला कोण विचारतो.

अशात बातमी आली की विधिमंडळाची समिती दौऱ्यावर निघाली आहे आणि आमचं ऑफिस बघणार आहे. किती जागा मंजूर, किती भरलेल्या, पगार वेळेवर होतात का, कोणावर कारवाई बाकी आहे का, अशी भलीमोठी प्रश्नावली आधी आली. साहेबांचं जेवण सुटलं.

त्यांच्या भीतीलाही कारण होतं. मागच्या दौऱ्यात त्यांनी खरंखुरं लिहिलं होतं, की एक जागा रिक्त आहे. तेव्हा समितीनं विचारलं, भरण्यासाठी पाठपुरावा का केला नाही? आणि साहेबांना कारणे दाखवा नोटीस मिळाली. खरं लिहून नोटीस मिळाल्यावर माणूस शहाणा होतोच. या वेळी साहेबांनी प्रश्नावलीत लिहिलं, रिक्त पदे : निरंक. म्हणजे एकही नाही.

आता लिहिलं ते दाखवावंही लागतं. त्याची आमच्याकडे रीत आहे. समिती येणार म्हटलं की ऑफिसं एकमेकांना माणसं उसनी देतात, लग्नघरी शेजारचे गंज-पराती आणाव्यात तशी. समिती पुढच्या गावी गेली की माणसं परत. सगळे करतात, कोणाला काही वाटत नाही. पण या खेपेला समिती आजूबाजूच्या सगळ्याच ऑफिसांना जाणार होती, त्यामुळे कोणी आपली माणसं सोडेना. उलट शेजारच्या ऑफिसनं मलाच मागितलं.

साहेब डोकं धरून बसले, तेव्हा मॅडम पुढे आल्या. म्हणाल्या, "सर, आपला गुलाबसिंग आहे की."

गुलाबसिंगचं झेरॉक्सचं दुकान आमच्या कंपाउंडला लागून आहे. तांड्यावरचा पोरगा, बी.ए. झालेला. दहा वर्षं सरकारी नोकरीच्या परीक्षा दिल्या. कधी भरती निघाली नाही, कधी निघून रद्द झाली, आणि शेवटी वय निघून गेलं. पण चेहरा असा गंभीर आहे की नवखी माणसं अजूनही अर्ज घेऊन आधी त्याच्याच दुकानात शिरतात.

साहेबांना कल्पना पटली. मला मॅडमचीच शंका आली. उसनी माणसं आणायची म्हटलं की एरवी त्यांचं तोंड आंबट व्हायचं, आणि या वेळी त्या रिकाम्या खुर्चीवरच्या फायली स्वतः उचलत होत्या. मी म्हटलं, "मॅडम, तुमाले काहून एवढा आनंद होऊन राह्यला?" त्या म्हणाल्या, "गोपालभाऊ, गाडी चालवा."

गाडी नव्हती, पण ती येणार होती. साहेबांचा स्वभाव फार नीटनेटका. खोटंसुद्धा त्यांना व्यवस्थित लागतं. दुसरा कोणी असता तर गुलाबसिंगला एका दिवसापुरतं खुर्चीवर टेकवून मोकळा झाला असता. साहेबांनी त्याच्या नावाची पाटी रंगवून घेतली. एक तारखेपासून हजेरीपटावर सह्या घेतल्या. रुजू झाल्याचा अहवालही करून घेतला आणि त्याखाली स्वतःची ती सुंदर सही ठोकली. ड्रायव्हर आहे तर गाडीही दिसायला हवी म्हणून एक जीप दिवसभरासाठी भाड्यानं आणली. शिकवणी मॅडमनी घेतली. तिच्यात एकच धडा होता. "गुलाबसिंग, खोटं बोलायचं नाही. फक्त सगळं बोलायचं नाही."

समितीच्या दिवशी दारात रांगोळी, आत पाण्याचे थंड जार आणि खुर्चीवर गुलाबसिंग. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात पेन. त्याची आई रामीबाई तांड्यावरून मुद्दाम आली होती. आत यायला लाजत होती, म्हणून मी तिला खिडकीशी उभं केलं. सरकारी खुर्चीवरच्या लेकाकडे ती बघत राहिली आणि मला बोलली, "दिसते तं चांगला." मी दुसरीकडे बघितलं.

आमदारांच्या गाड्या आल्या. समितीचे प्रमुख म्हातारे गृहस्थ, पुष्पगुच्छांना कंटाळलेले. चहा नको म्हणाले आणि साहेबांच्या केबिनमध्ये बसण्याऐवजी सरळ क्लार्कच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. प्रश्नावली बघून खूश झाले. इतक्या ऑफिसांत फिरलो, पण सगळी पदं भरलेलं हे पहिलंच, असं त्यांनी बाकीच्या आमदारांना ऐकवलं. साहेबांची मान जरा वर आली.

मग त्यांनी गुलाबसिंगला विचारलं, काम कसं वाटतं.

"काम सगळं रजनी मॅडमच करते, साहेब. मी पाहून राह्यलो."

प्रमुखांना हा प्रांजळपणा आवडला. नवीन माणसानं असंच असावं, म्हणाले. आणि पगार वेळेवर होतो का?

"अजून एकही झाला नाही, साहेब."

यातला शब्द न् शब्द खरा होता. प्रमुखांचा चेहरा बदलला. नवीन पोराला राबवून घेता आणि पगार देत नाही? साहेबांनी काहीतरी सांगितलं, की कागदपत्रं वर गेली आहेत, पगाराचा नंबर पडायचा आहे. प्रमुखांनी ऐकून घेतलं नाही. महिन्याभरात याचा पगार झाल्याचा अहवाल समितीला पाठवायचा, नाहीतर तुमची वेतनवाढ थांबेल. साहेबांच्या इस्त्रीच्या शर्टावर पाठीमागून ओला डाग पसरत गेला. मला तो बाकावरून स्पष्ट दिसत होता आणि खोटं कशाला बोलू, मजा वाटत होती.

प्रमुख वळले, तेव्हा रजनी मॅडम उभ्या राहिल्या. कपाटातला बदलीचा आदेश त्यांनी प्रमुखांपुढे धरला.

"साहेब, माझी बदली होऊन दोन वर्षं झाली. दुसऱ्या जागेवर माणूस आला की मला सोडायचं, असा आदेश आहे. आता माणूस आलाय."

प्रमुखांनी आदेश वाचला. गुलाबसिंगची पाटी वाचली. रुजू अहवाल मागवला आणि त्यावरची सही बघितली.

"ही सही तुमचीच ना?" त्यांनी साहेबांना विचारलं.

साहेबांनी नाही म्हटलं असतं तर समितीसमोर बोगस माणूस बसवला म्हणून नोकरीच धोक्यात आली असती. हो म्हटलं तर मॅडम जाणार. त्यांनी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी नजर खाली घातली नाही. साहेब हो म्हणाले.

"मग यांना आजच कार्यमुक्त करा. माझ्यासमोर."

पुढची गंमत मी मरेपर्यंत विसरणार नाही. कार्यमुक्तीचा आदेश टाइप करायला कोणी नव्हतं, म्हणून तो मॅडमनीच टाइप केला. साहेबांनी सही केली. जावक क्रमांक मॅडमनी टाकला, प्रत मॅडमनी फायलीला लावली आणि स्वतःची प्रत स्वतःलाच देऊन पोच घेतली. मग कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा गुलाबसिंगच्या हातात ठेवला. त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला, प्रसाद घेतात तसा. खिडकीतून रामीबाईनं हात जोडले. गाड्या धूळ उडवत निघून गेल्या.

साहेब खुर्चीत बसले. मग म्हणाले, "रजनीताई, तुम्ही मला सांगायचं तरी."

मॅडम म्हणाल्या, "दोन वर्षं दर महिन्याला सांगून राह्यली होती, सर."

साहेबांनी मान हलवली. भांडले नाहीत, हेही त्यांच्या बाजूनं लिहून ठेवायला हवं.

पुढचं आधीच सांगून टाकतो. जी जागा इतकी वर्षं भरता येत नव्हती, तिच्यासाठी साहेब दुसऱ्याच दिवशी यवतमाळला गेले, आणि महिना संपायच्या आत समीक्षा नावाची मुलगी रुजू झाली. खरीखुरी, पगारासकट. राहता राहिला कागदावरचा गुलाबसिंग. त्याचं काय करायचं? साहेबांनी त्याला विनापरवानगी गैरहजर राहिल्याबद्दल कारणे दाखवा नोटीस काढली. गैरहजर माणसाचा पगार निघत नाही, असं समितीला कळवायची सोय झाली. समीक्षा यायच्या आधीची गोष्ट, ऑफिसात टाइप करणारं कोणी नाही, म्हणून ती नोटीस टाइप करून घ्यायला साहेब गुलाबसिंगच्याच दुकानात गेले. त्यानं स्वतःची नोटीस स्वतः टाइप केली, प्रिंट काढली आणि साहेबांकडून त्याचे पैसे रोख घेतले. आपली प्रत त्यानं लॅमिनेशन करून दुकानात टांगली आहे. कोणी विचारलं तर सांगतो, "सरकारनं मले लिहिलेलं हे पहिलंच पत्र आहे, कायले फेकू?" लोक हसतात. तोही हसतो, पण पत्र पुसायला दुकानात वेगळं फडकं ठेवलंय.

तर त्या दिवशी संध्याकाळ व्हायला आली होती आणि भाड्याची जीप दारात उभी होती. पैसे दिवसभराचे दिलेले. मी साहेबांना विचारलं, गाडी मॅडमले सोडायले नेऊ का? साहेबांनी खिशातून किल्ली काढून दिली. एवढ्या वर्षांनी ऑफिसच्या कामासाठी मी स्टिअरिंगला हात लावला. मॅडमच्या खोलीतलं सामान म्हणजे एक ट्रंक, एक गादी, एक कुकर आणि तुळशीची कुंडी. कुंडी त्यांनी मांडीवर घेतली.

पुसद येईपर्यंत त्या गुलाबसिंगबद्दलच बोलत होत्या. त्याला वापरलं असं वाटतं, म्हणाल्या. दिग्रसच्या पुढे रडल्या, तोंड खिडकीकडे करून. मी आरशाकडे बघितलं नाही.

दारव्ह्यात घरासमोर जीप थांबली. आठवड्याच्या मधल्याच वारी दारात सरकारी दिसणारी गाडी बघून मिताली बाहेर आली. उंच झालीय पोरगी, आईच्या खांद्याच्या वर. आईच्या हातात कुंडी बघून जरा गोंधळली. पण सवयीचाच प्रश्न तोंडातून निघाला, तिथंच उभ्या उभ्या.

"किती दिवसांची सुट्टी?"

मॅडमनी कुंडी तिच्या हातात दिली.

"निरंक," त्या म्हणाल्या.

पोरीला काही कळलं नाही. मी ट्रंक खाली उतरवली, त्यावर गादी ठेवली, गादीवर कुकर ठेवला. ते सगळं सामान एका जागी बघितलं, तेव्हा तिला कळलं.