दाखवायला यावं लागेल असा कॅमेरा

हैबतीची नात सेजल मुंबईत फोटोग्राफी शिकायला लागली, आणि तिला पहिला कॅमेरा आपणच द्यायचा असं हैबतीने परस्पर ठरवून टाकलं. कॅमेऱ्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण बायको गेल्यापासून कापडे गावच्या घरात तो एकटा. मुलगा दत्ताराम सणासुदीला तोंड दाखवून जायचा, नात तर तेवढंही नाही. तिने यावं, एवढंच त्याला हवं होतं.

महाडच्या बाजारात मुदस्सरचा स्टुडिओ होता. लग्नं टिपता टिपता तो कॅमेरेही विकायचा. त्याने दोन काढून समोर ठेवले.

"नवशिक्याला दोन्ही चांगले, बाबा. हातात जड होत नाहीत. हा नवा. यातला फोटो लगेच मोबाइलवर जातो, तिथून पाहिजे तिकडे पाठवा. हा जुना, मी स्वतः वापरलेला. याची काच फार साफ आहे, बारीकसारीकही टिपते, पण हा फोटो कुठे पाठवत नाही. कुणाला दाखवायचा तर कॅमेरा घेऊन जायला लागतं."

"घेऊन जायला लागतं?"

"हो. मागच्या पडद्यावर दाखवायचा."

"मंग ह्योच दे."

मुदस्सरला वाटलं, म्हाताऱ्याचा घोळ झाला. त्याने पुन्हा पहिल्यापासून समजावलं.

"नाय, नाय, ह्योच," हैबती म्हणाला. "दाखवायला यायला पायजे माणसानं."

मुदस्सरचे वडील बरीच वर्षं कुवेतला होते. त्याने जुनाच कॅमेरा उचलला. काच पुन्हा एकदा पुसून दिली.

शिमग्याला दत्ताराम आला, सेजल परीक्षेपायी राहिली. कॅमेरा बापाबरोबर गेला. मग तिचा फोन आला. आनंद तिच्या आवाजात मावत नव्हता. "आजोबा, खूप फोटो काढलेत! येते एखाद्या रविवारी दाखवायला."

झालं! म्हाताऱ्याला तेवढंच पुरे होतं. मुंबईचं माणूस यायचं ते महाडच्या एसटी स्टँडवर उतरायचं, आणि घरच्याने सामान घ्यायला तिथे उभं राहायचं, ही वाडीची रीत. रीत पडली तेव्हा वाडीत माणसं होती. आता अर्ध्याहून जास्त दारं बंद, रीत तेवढी उरलेली. रविवार उजाडला की हैबती दाराला कुलूप लावायचा, किल्ली दाराशेजारच्या भिंतीतल्या देवळीत ठेवायचा आणि मिनीडोर रिक्षाने महाड गाठायचा. कुलूप माकडांसाठी. किल्ली कुठे असते ते अख्ख्या वाडीला ठाऊक. फोन घरीच राहायचा, बाजारात पडला-बिडला तर काय घ्या. मागे कुणाचा वाजून गेला, ते त्याला बघता यायचं नाही.

मुंबईची गाडी लागली की हा पुढे व्हायचा. एकेक माणूस उतरताना न्याहाळायचा. शेवटी कंडक्टरलाच विचारायचा, "अजून कोण हाय काय आत?"

"आता मीच उरलो, बाबा. नेता का?"

सगळे हसायचे. हैबतीही हसायचा. पण घरी येऊन एकट्यापुरता भात टाकताना त्याला फार एकटं वाटायचं. पोरीचा राग यायचा, मग त्या रागाचीच लाज वाटायची.

असे कितीतरी रविवार गेले. मग एका दुपारी मिनीडोरवाल्याने पोलादपूरच्या पोस्टातून सेजलचं एक पाकीट आणून दिलं. आत फोटो होते, कागदावर छापलेले.  पोरगी आलीच नव्हती, नुसते फोटो आले होते. ज्यासाठी जुना कॅमेरा घेतला, तेच मुसळ केरात.

समुद्र, कबुतरं, पीठ मळणारे सुनेचे हात. शेवटचा फोटो त्याने ओटीवर येऊन उजेडात धरला. ते त्याचंच दार होतं, कुलूप लावलेलं.

त्याने फोन लावला.

"आले होते आजोबा, मागच्या रविवारी," सेजल म्हणाली. "मैत्रिणीच्या गाडीने, थेट दारापर्यंत. न सांगता यायचं होतं. फोन केला तर तो आतच वाजत होता. शेजारची दारंही बंद, विचारायला कुणी नाही. उन्हं कलेपर्यंत ओटीवर बसले, मग मैत्रिणीला परत जायचं होतं. वाटलं, तुम्हाला माझी आठवणच नाही. रुसलेच मी. कुठे होतात?"

"महाडला. स्टँडवर. तुलाच घ्यायला."



हैबतीने फोटो डोळ्यांजवळ नेला. मुदस्सर खोटं बोलला नव्हता. कुलुपावरचा गंज दिसत होता, फळीतली भेग दिसत होती, अगदी सगळं दिसत होतं.

"सेजू, त्यो दाराचा फोटू बघ. डाव्या अंगाला देवळी हाय. लाल दोरा दिसतो?"

"थांबा, कॅमेऱ्यात बघते... हो, दिसतो."

"त्या दोऱ्याला घराची किल्ली हाय गो."

सेजलचा रडवेला आवाज आला, "मला माहीतच नव्हतं, आजोबा."

"कसं माहीत असंल?" हैबती म्हणाला. "तुला कधी दाखवलीच नाय आमी."